यंत्रांच्या खोलीची राखण

(मंडळाच्या गणेशोत्सवात पाचव्या दिवशी, सायंकाळच्या आरतीनंतर सावरगाव येथे झालेल्या भाषणाचा मजकूर)





मघाशी आरती चालू असताना लाईट गेली, ते सगळ्यांनी पाहिलंच. माईक बंद पडला, बाप्पासमोरच्या माळा विझल्या, पण टाळ्यांवर आरती चालू राहिली. मागं जनरेटरवाला पोट्टा हँडल मारायला धावला आणि अर्ध्या मिनिटात उजेड परत आला. आम्हाला आज ज्या विषयावर बोलायला सांगितलं आहे, तो त्या अर्ध्या मिनिटात सगळा आला. त्याबद्दल वीज कंपनीचे आभारच मानायला हवेत.

फरक एवढाच की आरती टाळ्यांवर चालते, संगणक चालत नाही.

आम्ही म्हणजे तिघं. तिघंही राज्य शासनाचे नोकर, वेगवेगळ्या खात्यांत. तिघंही विद्युत शाखेचे पदविकाधारक, पॉलिटेक्निकमध्ये एका बाकावर बसलेले, आता चाळिशी ओलांडलेले. उभा एकच आहे, पण मजकूर तिघांनी बसून लिहिला आहे. चुकलं तर तिघांचं चुकलं. आणि जे बोलू ते खात्याच्या वतीनं नाही, या गावची मुलं म्हणून बोलू.

विषयाचं नाव पाटीवर लिहिलं आहे: डेटा सेंटर आणि त्यातलं प्रशिक्षण. ते वाचून दोन-तीन काकांनी खुर्च्या मागं सरकवल्या, दिसलं आम्हाला. काका, थांबा. तुमच्या शेताचा खसरा पूर्वी पटवाऱ्याच्या बस्त्यात असायचा. आता तो बस्त्यात नाही. लोकसेवा केंद्रात उत्पन्नाचा दाखला मागता, घरात लाडली बहनाचे पैसे येतात, समग्र आयडीची केवायसी करायला कियोस्कवर रांग लावता, हे सगळं कुठं ठेवलेलं असतं? मुलं म्हणतील, क्लाउडमध्ये. पण वर ढगात काही नाही. खाली जमिनीवर एक खोली असते, तिच्यात लोखंडी कपाटं, कपाटांत सर्व्हर, आणि ते बारा महिने, चोवीस तास तापत बसलेले असतात. छोटी असेल तर तिला सर्व्हर रूम म्हणतात, मोठी असेल तर डेटा सेंटर. त्या खोलीची राखण कोण करतं? संगणकाचे इंजिनिअर करत असतील असं वाटतं. पण रात्री दोन वाजता तिथं जागा असतो तो वायरमन, एसीचा मिस्त्री आणि जनरेटरवाला. म्हणजे आपल्यासारखाच माणूस.

आपल्याकडची मुलं कामासाठी नागपूरला जातात, तिथून पुणं, तिथून मुंबई. त्या वाटेवर हे काम आता मोठ्या प्रमाणावर उभं राहिलं आहे. ऐरोली, रबाळे, महापे, पनवेल या नवी मुंबईच्या पट्ट्यात बाहेरून गोदामासारख्या दिसणाऱ्या, खिडक्या नसलेल्या इमारती आहेत. पनवेलला २०२० साली सुरू झालेल्या एका केंद्रात ७२०० कपाटांची सोय आहे. हे सगळं मुंबईलाच का? समुद्राखालून येणाऱ्या तारा तिथं किनाऱ्याला लागतात, बँका तिथं आहेत, आणि रिझर्व्ह बँकेनं एप्रिल २०१८ मध्ये आदेश काढला की पैशांच्या देवघेवीची माहिती भारतातच साठवायची. पुढं २०२२ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात डेटा सेंटरला पायाभूत सुविधेचा दर्जा मिळाला, म्हणजे कर्ज मिळणं सोपं झालं. मग इमारती उठल्या. इमारती पैशानं उठतात, पण चालवणारी माणसं तयार व्हायला वर्षं लागतात.

आता त्या अर्ध्या मिनिटाकडं येऊ. डेटा सेंटरमध्ये लाईट जाते तेव्हा सर्व्हरला ते कळतसुद्धा नाही, कारण मध्ये यूपीएस आणि बॅटऱ्या असतात. बॅटरीनं काही मिनिटं भार उचलायचा, तेवढ्यात डिझेल जनरेटर आपोआप सुरू व्हायचा. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी मुंबईची वीज गेली, लोकल थांबल्या, सगळा देश त्याबद्दल बोलत होता. अशा वेळी मोबाइलवरून पैसे गेले तर समजायचं की कुठंतरी बॅटरी आणि जनरेटरनं आपलं काम केलं. ते आपोआप होत नाही. कुणीतरी दर महिन्याला जनरेटर भारावर चालवून पाहिलेला असतो, डिझेलचा गाळ काढलेला असतो, बॅटरीच्या प्रत्येक डब्याचा व्होल्टेज वहीत लिहिलेला असतो.

अमेरिकेतली अपटाइम इन्स्टिट्यूट नावाची संस्था अशा केंद्रांना चार पायऱ्या देते, त्यांना टिअर म्हणतात. तिसऱ्या पायरीवर कुठलंही एक यंत्र दुरुस्तीला काढलं तरी काम थांबत नाही. चौथ्या पायरीवर एखादं यंत्र अचानक बिघडलं तरी थांबत नाही. आपल्या मंडपाला कोणती पायरी, ते जनरेटरवाल्याला विचारा.

आता आमची गोष्ट सांगतो. ही सांगायची की नाही यावर तिघांत वाद झाला. दोघं म्हणाले सांगू या.

बरीच वर्षं झाली. आमच्यातल्या एकाची बदली एका कार्यालयात झाली होती. कुठलं ते महत्त्वाचं नाही. तिथं एका खोलीत दोन कपाटं, सहा-सात सर्व्हर, दोन एसी आणि कोपऱ्यात यूपीएस. वीज बचतीचं परिपत्रक आलं होतं. आम्ही विजेचे जाणकार, म्हणून आमच्याकडं सांगितलं गेलं. आम्ही मोठ्या अक्षरात एक कागद लिहून प्रत्येक दारावर चिकटवला: घरी जाताना पंखे, दिवे व एसी बंद करावेत. प्रत्येक दारावर म्हणजे त्या खोलीच्या दारावरही.

तिथं एक शिपाई नवीन लागला होता. मे महिन्यातला शनिवार. आपल्याकडचा मे काय असतो ते सांगायला नको. तो बिचारा दारावर लिहिल्याप्रमाणं एसी बंद करून घरी गेला. सर्व्हरचं बटण कपाटाच्या आत, ते चालूच राहिले. सगळे मिळून अडीच किलोवॉट. म्हणजे बंद खोलीत हजार वॉटचे अडीच हीटर लावून दीड दिवस कुलूप घातलं असं समजा. यंत्र जेवढी वीज खातं तेवढी सगळी शेवटी उष्णता होते, त्यातून सुटका नाही. सोमवारी दार उघडलं तेव्हा भट्टीचा झोत तोंडावर आला. यूपीएसच्या बॅटऱ्या फुगून डब्यात अडकल्या होत्या. दोन डिस्क गेल्या. त्यांची नक्कल होती, ती त्याच कपाटात खालच्या खणात होती. तीही गेली.

अकरा दिवस काम बंद. लोकांचे अर्ज पुन्हा भरून घ्यावे लागले. संत्र्याच्या बागेवर कर्ज काढायला एक म्हातारे शेतकरी एका कागदासाठी चार वेळा आले, बसनं, उन्हात. प्रत्येक वेळी आम्ही त्यांना सांगितलं, सर्व्हर डाउन आहे. सर्व्हर डाउन म्हटलं की माणूस गप्प बसतो, जसं काही पाऊस पडला. पाऊस नव्हता तो, आमचा कागद होता.

नोटीस शिपायाला मिळाली. कागद कुणी लिहिला, हे कुणी विचारलं नाही आणि आम्ही आपणहून सांगितलं नाही. दोन महिन्यांनी लेखी दिलं, नोटीस मागं घेतली गेली. पण ते दोन महिने तो माणूस आमच्यासमोर चहा आणून ठेवत होता. आम्हाला पदविका होती, पंधरा वर्षांची नोकरी होती, आणि एसी नेमका माणसासाठी कुठं असतो आणि यंत्रासाठी कुठं, एवढं शिकवलेलं नव्हतं. शिकवलं नव्हतं म्हणून सुटका होत नाही, पण खरं तेच होतं.

त्यानंतर आम्ही तिघांनी पुस्तकं काढली.

आपल्या देशात ऊर्जा संवर्धन कायदा २००१ साली झाला आणि २००२ मध्ये ऊर्जा दक्षता ब्यूरो, म्हणजे बीईई सुरू झाला. एसी-फ्रिजवर तारे लावतो तोच. हा ब्यूरो ऊर्जा व्यवस्थापक आणि ऊर्जा लेखापरीक्षक अशी राष्ट्रीय परीक्षा घेतो. पहिली २००४ साली झाली. पदवीधर इंजिनिअरच पाहिजे असं नाही, पदविकेवाल्यालाही बसता येतं, मात्र सहा वर्षांचा कामाचा अनुभव लागतो. व्यवस्थापकाला तीन पेपर, लेखापरीक्षकाला चौथाही. चौथा पेपर पुस्तक उघडं ठेवून लिहायचा असतो. हे ऐकून आम्ही खूश झालो होतो. पेपर पाहिल्यावर कळलं की उघडं पुस्तक कुणाच्या कामाचं: ज्यानं ते आधी बंद करून वाचलं आहे त्याच्या. पुस्तकं इंग्रजी, आमचं इंग्रजी पॉलिटेक्निकचं. दुसरा पेपर बॉयलर-भट्ट्यांचा, तिथं आमच्यातला एक पडला. पुढच्या खेपेला निघाला. तो आत्ता दुसऱ्या रांगेत बसला आहे आणि हे वाक्य मजकुरातून काढा म्हणत होता.

ही परीक्षा डेटा सेंटरची नाही, कारखान्यांसाठी आहे. पण तिनं आम्हाला एक सवय लावली, आधी मोजायचं, मग बोलायचं. पुन्हा तशाच एका खोलीत जाण्याची वेळ आली तेव्हा आम्ही टाँग टेस्टर आणि एक साधा थर्मामीटर घेऊन गेलो. सर्व्हर खात होते अडीच किलोवॉट. एसी, यूपीएसची घट, दिवे धरून सगळी खोली खात होती साडेपाच. साडेपाचला अडीचनं भागा, दोन पूर्णांक दोन येतात. या आकड्याला जगभर पीयूई म्हणतात. २००७ पासून ग्रीन ग्रिड नावाच्या कंपन्यांच्या मंडळानं तो रूढ केला. आकडा एकाच्या जितका जवळ, तितकी खोली चांगली. आमच्या खोलीत यंत्राला एक रुपयाची वीज द्यायला वर जवळपास सव्वा रुपया जात होता.

कारण शोधायला जास्त वेळ लागला नाही. कपाटाचं तोंड भिंतीकडं आणि पाठ एसीकडं होती. सर्व्हर समोरून गार हवा ओढतो आणि मागून गरम सोडतो. इथं एसी गरम हवेवर फुंकत होता आणि सर्व्हर भिंतीजवळची साचलेली हवा ओढत होता. संत्र्यांचा ट्रक भरणाऱ्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. पेट्यांमध्ये वाऱ्याला वाट ठेवली नाही तर मधला माल नागपूरपर्यंत सडतो, हे त्याला ठाऊक असतं. आम्ही कपाटं फिरवली. खणांमधल्या रिकाम्या जागांतून गरम हवा पुढं येत होती, तिथं पत्रे लावले. उन्हाची खिडकी बंद केली. एसी १८ वर होता, तो २५ वर आणला. त्यावर मोठा वाद झाला, सगळ्यांना वाटतं खोलीत कुडकुडलं पाहिजे. पण अ‍ॅश्रे ही वातानुकूलन अभियंत्यांची संस्था स्वतः सांगते की सर्व्हरच्या तोंडाशी १८ ते २७ अंश चालतं. कुडकुडायला पाहिजे असं सर्व्हरनं कधी सांगितलेलं नाही. बॅटऱ्या मात्र जपायच्या. शिशाच्या बॅटरीला २५ अंश मानवतात, त्यावर दर आठ-दहा अंशांना तिचं आयुष्य निम्मं होतं.

सगळी खोली सव्वाचार किलोवॉटवर आली. सव्वा किलोवॉट वाचले. वर्षाचे ८७६० तास, म्हणजे १०,९५० युनिट. युनिटला आठ रुपये धरले तर ८७,६०० रुपये. खर्च काय, तर चार पत्रे, एक पडदा आणि दोन सुट्ट्यांचा घाम.

एक सावधगिरी मात्र सांगायला हवी, कारण पीयूईचा आकडा फसवतोही. जुना, कुणी न वापरणारा सर्व्हर नुसता चालू ठेवला तर भागाकार सुधारलेला दिसतो आणि बिल वाढतं. आकडा सांगणारा भेटला तर आधी विचारा, यातले किती सर्व्हर कामाचे आहेत? आम्ही विचारलं तेव्हा सातांपैकी दोन कशाचे, ते कुणालाच सांगता आलं नव्हतं.

आता मुलांसाठी. प्रशिक्षण कुठलं घ्यायचं, हा प्रश्न आमच्याकडं फार येतो. आमच्यातल्या एकाच्या भाच्यानं शहरातल्या एका संस्थेत बारा आठवड्यांचा डेटा सेंटर कोर्स केला. त्यासाठी घरातलं सोनं गहाण पडलं. प्रमाणपत्र चकचकीत. आम्ही त्याला विचारलं, जनरेटरचा भार यूपीएसवरून कसा घेतात, पाहिलं का? म्हणे, चित्रात पाहिलं. बारा आठवड्यांत त्यानं एकही पॅनेल उघडलं नव्हतं. त्याला पुढं नोकरी लागली ती त्याच्या इलेक्ट्रिशियन आयटीआयवर. मुलाखतीत त्याच्या हातात मल्टिमीटर दिला आणि तो त्याला धरता आला.

म्हणून आमचं मत असं की आधी हात तयार करा. इलेक्ट्रिशियन, नाहीतर रेफ्रिजरेशन आणि एसीचा ट्रेड, नाहीतर विद्युत-यांत्रिकीची पदविका. मुलींनी एसीच्या ट्रेडला बिचकू नये, आजकाल त्यात मापं आणि संगणकच जास्त आहेत. मग काम धरा. कामावर असताना वरची शिडी चढा. ईपीआय या संस्थेचा सीडीसीपी नावाचा दोन दिवसांचा कोर्स आणि परीक्षा आहे, कंपन्या तो ओळखतात. अपटाइम इन्स्टिट्यूटचे कोर्स वरच्या लोकांसाठी, महाग, ते कंपनीनं पाठवलं तर करावेत. अमेरिकेच्या ऊर्जा खात्यानं डेटा सेंटरची ऊर्जा तपासणाऱ्यांसाठी डीसीईपी नावाचा वेगळा अभ्यासक्रम केला, बर्कलेच्या प्रयोगशाळेनं तो घडवला आहे. त्यांची बरीच पुस्तिका-साधनं फुकट मिळतात. यूपीएस बनवणाऱ्या श्नायडरसारख्या कंपन्यांचे ऑनलाइन धडेही फुकट आहेत. ते आपला माल पुढं करतात, तेवढं ओळखून वाचायचं. आणि सहा वर्षं झाली की बीईईची परीक्षा. नागपूरला गोपालनगरात राष्ट्रीय विद्युत प्रशिक्षण संस्थेची शाखा आहे. विजेचं शिक्षण आपल्यापासून किती जवळ आहे हे बघायला तरी एकदा जाऊन या.

सोनं गहाण ठेवून पहिल्याच पायरीला दोन दिवसांचं प्रमाणपत्र घेऊ नका, एवढी आमची विनंती आहे.

कुणी म्हणेल, एवढ्या मोठ्या देशांत सगळे शिकलेले असतात. २६ सप्टेंबर २०२५ ला दक्षिण कोरियात देजॉन इथं सरकारी डेटा सेंटरला आग लागली. यूपीएसच्या लिथियम बॅटऱ्या हलवण्याचं काम चालू होतं. ७०९ सरकारी सेवा बंद पडल्या. सरकारी कर्मचाऱ्यांच्या कामाच्या फाइली जिथं साठवल्या होत्या ती यंत्रणाच जळाली, आणि तिची नक्कल दुसरीकडं ठेवलेली नव्हती. ही बातमी वाचली त्या रात्री आम्ही तिघं फोनवर बराच वेळ बोललो नाही, नुसते धरून बसलो होतो. खालच्या खणातली आमची नक्कल आठवली. बॅटरी कुणी, कशी, कोणत्या क्रमानं सोडवायची, हे स्क्रू-ड्रायव्हर धरणाऱ्याचं काम आहे, आणि सगळ्या देशाचं दप्तर त्याच्या हातात असतं.

आपलंही दप्तर आहेच. २०२३ साली पांढुर्णा जिल्हा झाला. पूर्वी प्रत्येक मोठ्या कामाला छिंदवाडा गाठावं लागायचं. आता नवा जिल्हा म्हणजे नवी कार्यालयं, नव्या खोल्या, नवे सर्व्हर. कपाटाचं तोंड कुठं आणि पाठ कुठं, हे खोली बांधताना ठरलं तर फुकट होतं, नंतर फिरवायला आमच्यासारख्यांच्या सुट्ट्या जातात. आम्ही तिघांनी आपापल्या वरिष्ठांना एक पानी टिपण दिलं आहे: अशा प्रत्येक खोलीला एक प्रशिक्षित माणूस नावानिशी नेमावा, दारावर तापमानाची वही टांगावी, नक्कल दुसऱ्या इमारतीत ठेवावी. उत्तर अजून आलेलं नाही. टिपण देऊन तीनच महिने झालेत, सरकारी नोकराला तीन महिने म्हणजे काही नाही.

तोवर आपण आपल्यापुरतं एक काम करू. येत्या रविवारी सकाळी नऊ वाजता इथंच या. गोटमारीच्या पट्ट्या अजून डोक्यावर आहेत त्यांनीही यावं, कामाला डोकं लागेल, पण बसून. टाँग टेस्टर आणि थर्मामीटर आम्ही आणतो. आधी या मंडपाचा हिशेब करू: माळा किती खातात, हॅलोजन किती, जनरेटर केवढा आणि त्यातला किती नुसता धुरात जातो. मग शाळेच्या संगणक खोलीत जाऊ, परवानगी घेतली आहे. ब्यूरोची चारही पुस्तकं छापून, शिवून मंडळाच्या कपाटात ठेवली आहेत. तिसरं आधी वाचा, ते विजेचं आहे. अडलं तर संध्याकाळी आमच्यातला एक जण इथं असतो.

नावं नोंदवायला वही ठेवली आहे. पहिलं नाव आम्हीच लिहिलं आहे, जनरेटरवाल्या पोट्ट्याचं. मघाशी अंधारात त्याला विचारलं, आयटीआय झालंय म्हणाला, डिझेल मेकॅनिक.

प्रसाद वाटायला सुरुवात झालेली दिसते. मोरया!